रकाना कुणी आखला?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात जुलै महिन्यात एकच आकडा सगळ्यांना हवा असतो. उल्हास नदीची पातळी किती? बॅरेजजवळ इशाऱ्याची पातळी 16.50 मीटर, धोक्याची 17.50 मीटर. 26 जुलै 2005 चा पूर लोक विसरलेले नाहीत. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, ती रात्रही कुणी विसरलेले नाही. अशा रात्री मोबाइलवर पातळीचे फोटो येऊ लागतात. त्यातला एखादा चार तासांपूर्वीचा असतो, एखादा मागच्या वर्षीचाही. फोटो शिळा झाला आहे हे फोटो स्वतः सांगत नाही. गाडी वर नेऊन लावायची की नाही, म्हाताऱ्या आईला नातेवाइकांकडे हलवायचे की नाही, हे मात्र त्याच्यावर ठरते.

शिळ्या फोटोची ही अडचण इंटरनेटवर फार लवकर लक्षात आली होती. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 1991 मध्ये कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला गेला. दुसऱ्या खोल्यांतल्या लोकांनी जिने उतरून यावे आणि भांडे रिकामे निघावे, एवढेच टाळायचे होते. नोव्हेंबर 1993 मध्ये ते चित्र वेबवर आले. त्याच वर्षी वेबपानात चित्र बसवण्याची खूण, म्हणजे टॅग, रूढ होत होती. पान तेच राहायचे, आतले करडे चित्र मात्र दर वेळी ताजे यायचे. 22 ऑगस्ट 2001 रोजी तो कॅमेरा बंद झाला. उठाठेव कॉफीसाठी होती, पण पानात जिवंत माहिती बसवण्याची सुरुवात अशीच झाली.

पुढची पायरी आयफ्रेम. 1996 च्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती आली आणि 1997 च्या एचटीएमएल 4 मध्ये तिला मान्यता मिळाली. आपल्या पानाच्या भिंतीला खिडकी पाडायची आणि तीतून दुसऱ्याचे पान दाखवायचे, असा हा प्रकार. खिडकीत दिसते ते दुसऱ्याच्या घरातले; त्यात आपण ढवळाढवळ करू शकत नाही. ही अडचण स्वतः घडवलेल्या टॅगांनी बरीच सोडवली. अलेक्स रसेल यांनी 2011 मध्ये ही कल्पना मांडली, आणि 2020 च्या सुरुवातीपर्यंत ती सगळ्या मोठ्या ब्राउझरांत पोहोचली. नियम गमतीचा आहे: अशा टॅगच्या नावात जोडरेघ हवीच, म्हणजे भाषेच्या मूळ टॅगांशी गल्लत होत नाही. टॅब्लो या कंपनीचा टॅग ‘टॅब्लो-व्हिझ’ असा आहे. पानात तो लिहिला की डॅशबोर्ड उभा राहतो. त्याच्या पोटात ‘व्हिझ-फिल्टर’ नावाचा आणखी एक टॅग घालता येतो. कोणता रकाना, त्यातली कोणती किंमत, हे लिहिले की वाचकाला सुरुवातीला तेवढेच दिसते. म्हणजे निवड दोनदा होते. आधी आकडे गोळा करणाऱ्याच्या टेबलावर, मग पान लिहिणाऱ्याच्या हातून.

ही निवड किती महाग पडते ते 2020 ने दाखवले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा करोना डॅशबोर्ड 22 जानेवारीला सुरू झाला आणि जगभरच्या पानांत जाऊन बसला. भारतात स्वयंसेवकांनी ‘कोविड19इंडिया’ चालवले, ते 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत. राज्य, जिल्हा, बरे झालेले, दगावलेले, असे त्याचे रकाने. मात्र दिल्ली सरकारच्या रोजच्या पत्रकात एप्रिलमध्ये ‘मरकज’ हा वेगळा रकाना होता. दिल्ली अल्पसंख्याक आयोगाने हरकत घेतली, मग त्याचे नाव बदलले. 18 एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की 14,378 रुग्णांपैकी 4,291 तबलिगी जमातीच्या कार्यक्रमाशी जोडलेले आहेत.

आकडा खोटा होता असे मी म्हणत नाही. पण ज्यांना शोधून शोधून तपासले त्यांच्यात रुग्ण जास्त सापडणारच, आणि त्या महिन्यांतल्या इतर गर्द्यांना रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही त्याची टक्केवारी निघत नाही. वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर तो आकडा चौकटीत चढला आणि गल्लीत भाजीवाल्याला नाव विचारले जाऊ लागले. 6 एप्रिललाच जागतिक आरोग्य संघटनेचे माइक रायन यांनी रुग्णांची धर्मावरून विभागणी करू नका असे सांगितले होते. ऐकले कुणी?

21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी, 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे निकालात म्हटले होते. तोवर तो रकाना पत्रकातून गेला होता, वाहिन्यांच्या चौकटीही दुसऱ्या विषयाकडे वळल्या होत्या. एप्रिलमधल्या त्या पडद्यांचे फोटो मात्र अजून अधूनमधून एखाद्या ग्रुपवर येतात. त्यांच्यावर तारीख नसते, आणि ऑगस्टचा निकाल त्यांच्यापर्यंत पोहोचायला वाटही नसते.