सरड्याची धाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी साठ वर्षांपूर्वी याच शाळेत आम्हांला ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण शिकवली. क्षुद्राची मजल मर्यादित असते, हा अर्थ त्यांनी फळ्यावर लिहून दिला आणि नंतर सारा वर्ग मैदानाच्या कडेच्या मेंदीच्या कुंपणाशी नेऊन उभा केला. तेथे खराच एक सरडा होता. गुरुजी म्हणाले, “म्हण माणसाने रचली, म्हणून ती सरड्याला हिणवते. सरड्याला विचाराल तर तो सांगेल की माझे घरच तेथे आहे.” मी पुढे आयुष्यभर मराठी शिकवली, परंतु या वाक्याचा पुरता अर्थ मला इंग्लंडच्या कृषी-इतिहासाची पुस्तके वाचताना उमगला. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

इंग्लंडचे ग्रामीण चित्र म्हटले की हिरव्या कुंपणांनी आखलेली लहान लहान शेते डोळ्यांसमोर येतात. ही कुंपणे अनादी आहेत असा आपला समज होतो. त्यांतील काही खरोखर मध्ययुगीन आहेत. पण मध्य इंग्लंडमधील फार मोठा भाग अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतला आहे. १६०४ ते १९१४ या काळात तेथील पार्लमेंटपुढे जमिनी बंदिस्त करण्याची सुमारे ५,२०० विधेयके आली आणि त्यांनी सुमारे ६८ लाख एकर क्षेत्र व्यापले. गावाची सामाईक कुरणे व खुली शेते वाटून खाजगी झाली आणि प्रत्येकाच्या हद्दीवर हॉथॉर्नची काटेरी रोपे लागली. ज्याच्या गाईला सामाईक कुरणावर चरण्याचा हक्क होता, त्या गरीब कुणब्याला ते कुंपण म्हणजे हकालपट्टीचा हुकूमच होता. नॉर्दम्प्टनशायरमधील हेल्पस्टन गावचा शेतमजूर-कवी जॉन क्लेअर (१७९३–१८६४) याने या घटनेचा शोक आपल्या काव्यात केला. त्याच्या गावाचा कायदा १८०९ सालचा. आणि दैवाचा खेळ असा की पोटासाठी त्याला स्वतःलाच कुंपणे लावण्याच्या कामावर जावे लागले.

म्हणजे कुंपणाचा जन्म निष्पाप नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पण माणसाने हद्दीसाठी लावलेल्या त्या रांगेत निसर्गाने आपला संसार थाटला. पक्ष्यांनी बिया आणल्या, वाऱ्याने आणल्या. हॉथॉर्नच्या शेजारी हेझल, मेपल, रानगुलाब उगवले. मॅक्स हूपर या शास्त्रज्ञाने तर असा आडाखा मांडला की कुंपणाच्या तीस यार्ड लांबीत जितक्या जातींची झाडेझुडपे, तितकी शतके त्याचे वय धरावे. पुढील अभ्यासकांनी या आडाख्याला बऱ्याच मर्यादा घातल्या. तरी कुंपण हा एक वाचता येण्याजोगा दस्तऐवज आहे ही दृष्टी त्यातून मिळाली. अलीकडे डेव्हन परगण्यात रॉबर्ट वोल्टन यांनी शंभर मीटरहूनही आखूड असलेल्या एकाच कुंपणातील जीवांची मोजदाद केली. वनस्पती, बुरशी, कीटक, पक्षी मिळून दोन हजारांहून अधिक जाती त्यांना आढळल्या.

हे वैभव उखडले गेले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण तो शेतकरी खलपुरुष नव्हता. युद्धात बोटी बुडत होत्या आणि देशाने अन्नटंचाई सोसली होती. १९४७ च्या कृषी कायद्याने शेतमालाला हमीभाव दिला. घोडे गेले, ट्रॅक्टर व कापणी-मळणीची अजस्र यंत्रे आली. त्यांना वळायला मोठी शेते हवी होती. हाताने कुंपण छाटून त्याच्या फांद्या आडव्या विणणारे मजूर मिळेनात. १९५७ पासून काही वर्षे तर कुंपण काढण्यासाठी सरकारच अनुदान देत होते. आपल्याकडे ‘कुंपणच शेत खाते’ असे म्हणतात ना, तीच तक्रार तेथेही होती, आणि तीही शब्दशः: कुंपणाची मुळे ओल पितात, त्याची सावली पिकावर पडते, त्याच्या बुंध्याशी तण माजते. हिशेब चुकीचा नव्हता; तो अपुरा होता. विसाव्या शतकात इंग्लंडची सुमारे निम्मी कुंपणे नाहीशी झाली असे मानले जाते. १९८४ ते १९९० या अवघ्या सहा वर्षांत उरलेल्यांची लांबी सुमारे एक-पंचमांशाने घटली. त्यातील काही उखडली गेली, तर काही देखभालीवाचून विरळ होत नुसत्या झाडांच्या रांगा बनली.

हिशेबात काय धरले नव्हते ते पुढे दिसले. कुंपण हे निवासस्थान आहे, तसाच तो रस्ताही आहे. हेझल डॉरमाउस हा चिमुकला प्राणी फांद्याफांद्यांवरून फिरतो आणि उघड्या जमिनीवर उतरायला नाखूश असतो; दोन राने जोडणारे कुंपण तुटले की त्याची वस्ती बेटासारखी एकाकी होते. आपल्या तितराचा भाऊबंद असलेला ग्रे पार्ट्रिज कुंपणाच्या पायथ्याशी, वाळक्या गवतात घरटे करतो. १९६० च्या दशकानंतर त्याची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घसरली. याचा सगळा दोष कुंपणे गेल्याला देणे योग्य नव्हे. तणनाशकांनी पिलांचे किडेरूपी अन्नच संपवले, हे मोठे कारण आहे. पण घरही गेले आणि अन्नही गेले, तेव्हा पक्ष्याला पर्याय उरला नाही. जी कुंपणे उभी राहिली, त्यांतील कित्येक दरवर्षी यंत्राने खरडली जातात. ब्राउन हेअरस्ट्रीक नावाचे फुलपाखरू ब्लॅकथॉर्नच्या कोवळ्या डहाळ्यांवर अंडी घालते. हिवाळ्यातील छाटणीत डहाळीबरोबर अंडीही जातात. कुंपण दिसते, पण नांदते नसते.

समाज जागा झाला, पण उशिरा. १९९७ च्या नियमांनी, इंग्लंड व वेल्समध्ये, महत्त्वाचे ग्रामीण कुंपण काढण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाला सूचना देणे बंधनकारक झाले आणि निर्णयासाठी बेचाळीस दिवसांची मुदत ठरली. २०२४ मध्ये इंग्लंडने १ मार्च ते ३१ ऑगस्ट या विणीच्या काळात शेतातील कुंपणे छाटण्यास कायद्याने मनाई केली. ज्या पार्लमेंटने एकेकाळी कुंपणे लावण्याचे हुकूम काढले, तिच्याच कायद्यांनी आता ती राखण्याची वेळ आली.

ग्वाल्हेरकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मिठावरील जकात चुकवली जाऊ नये म्हणून इंग्रजांनी आपल्याच देशात एक अजस्र कुंपण उभारले होते. त्याची रेषा आग्रा, झाशी, होशंगाबादवरून बऱ्हाणपुराकडे जात होती. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर यांची ती भिंत शेकडो मैल जिवंत होती. १८६७ ते १८७० या काळात तिचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी असलेले म्हणून आपण त्यांना ओळखतो. भारतीय पक्ष्यांचे थोर अभ्यासकही तेच. १८७९ मध्ये ती रेषा रद्द झाली. गरिबाच्या मिठावर पहारा करणारे ते कुंपण गेले याचे दुःख कोणी का करावे? तेही नांगराखाली आणि रस्त्यांखाली गडप झाले. त्यात कोण नांदत होते याची नोंद मात्र झाली नाही.

मित्रहो, शेवटी एक कबुली देतो. आपल्या शाळेचे ते मेंदीचे कुंपण काढून विटांची भिंत बांधावी, असा ठराव तीस वर्षांपूर्वी व्यवस्थापक मंडळात आला तेव्हा मी सभासद होतो. गुरे आत येत, माळ्याचा पगार परवडत नव्हता, मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता. कारणे खरी होती आणि मी हात वर केला. गुरुजी तेव्हा हयात होते. ते मला काही बोलले नाहीत, “सरड्याचे काय ठरले?” एवढेच त्यांनी विचारले. मी हसलो. तो विनोद नव्हता, हे कळायला मला फार वर्षे लागली.

आज मी पुन्हा मत द्यायला बसलो तर भिंत हवीच म्हणेन. पण तिच्या आतल्या अंगाला मेंदी आणि करवंदाची एक रांग असावी, असा उपठराव मांडीन. वय झाले तरी माजी विद्यार्थी म्हणून तो मी आज आपणांपुढे मांडतो. वर्गात ही म्हण अजूनही शिकवली जाते. ती शिकणाऱ्या मुलांना बाहेर नेऊन दाखवण्यासारखे काहीतरी आपण ठेवले पाहिजे.