डायनासोरच्या पोटातले भातकुळीचे गवत

मालवणच्या वायंगणी शेतातले भात वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवतच. या भातकुळीचा एक अतिप्राचीन पुरावा मात्र कोकणच्या जांभ्यात नव्हे, तर चंद्रपूर जिल्ह्यात मिळाला. तोही डायनासोरच्या विष्ठेत.

वरोरा परिसरातील डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते १९८६ दरम्यान भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी एक सांगाडा काढला. सोहनलाल जैन व शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले. २००३ मध्ये त्याला ‘इसिसॉरस’ हे नाव मिळाले, संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

हा प्राणी टायटॅनोसॉर गटातला, सुमारे ६.५ ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा. या चतुष्पाद शाकाहाऱ्यांची मान सहसा लांबलचक. याची तुलनेने आखूड आणि वर उचललेली. पुढचे पाय मात्र लांब. दंडाचे एकच हाड सुमारे दीड मीटरचे. म्हणजे चारा झाडावरचा असावा. पण कवटी व जबडा सांगाड्यासोबत मिळालाच नाही. खाणाऱ्याचे तोंडच हरवलेले!

उत्तर मिळाले जवळच्या पिसदुऱ्यात. तिथल्या अश्मीभूत विष्ठेचे मॅटली यांनी १९३९ मध्ये प्रकार पाडले होते. त्यांतल्या मोठ्या गोळ्यांत वंदना प्रसाद व सहकाऱ्यांना २००५ मध्ये गवताचे सिलिकाकण आढळले. असे कण वनस्पतीच्या पेशींत साचतात आणि वनस्पती कुजली तरी उरतात. तोवर गवतांचे हे वैविध्य डायनासोर संपल्यानंतरचे, अशी सर्वसाधारण समजूत होती.

तरीही कुरणात चरणारा डायनासोर कोणी डोळ्यांसमोर आणू नये. त्याच विष्ठेत ताड, सूचिपर्णी व इतर झाडांचेही अवशेष आहेत, आणि गवताचा वाटा थोडाच. शिवाय विष्ठेवर मालकाचे नाव नसते. आकारावरून आणि त्याच थरांतील हाडांवरून ती टायटॅनोसॉरची मानली गेली. इसिसॉरसचीच, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे.

या गटाला गुरांसारखी रवंथ करणारी दाढ नव्हती. पाला ओरबाडून गिळायचा, उरलेले काम अवाढव्य पोटाचे. २०११ मध्ये याच विष्ठेतल्या कणांचा व पर्णत्वचेचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा काही गवते थेट भाताच्या गणात बसली.