दुन्हुआंगची पांगलेली पाने

सरकारी दप्तरातील एक पान हरवले तर कशी त्रेधा उडते, हे आम्ही जाणतो. दुन्हुआंगची तर हजारो पाने देशोदेशी पांगली. चीनमधील या गावाजवळच्या एका बंद गुहेत १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूस हस्तलिखितांचा प्रचंड साठा सापडला. १९०७ साली ऑरेल स्टाइन व पुढच्याच वर्षी पॉल पेलिओ यांनी अल्प मोबदल्यात त्यातील बराचसा नेला. इ. स. ८६८ मधील मुद्रित ‘वज्रच्छेदिका’ लंडनला पोहोचली. काही रेशमी चित्रे आमच्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली. एकाच पोथीचे तुकडे निरनिराळ्या राजधान्यांत जाऊन पडले!

१९९४ साली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आंतरराष्ट्रीय दुन्हुआंग प्रकल्प उभा राहिला. मूळ पत्रे जागची हलणार नव्हती. म्हणून ज्याने त्याने आपल्या पानांची छायाचित्रे संगणकावरील सामाईक सूचीत घालावी, असा मार्ग निघाला. १९९८ पासून ती सूची सर्वांस खुली झाली. बीजिंगचे राष्ट्रीय ग्रंथालय २००१ मध्ये सामील झाले. नेलेल्या धनावर हे पांघरूण तर नव्हे, अशी शंका कोणास येईल, आणि ती अगदीच अनाठायी नाही. तथापि जीर्ण कागद वारंवार हाताळावा लागत नाही, आणि तुटलेल्या ओळी पडद्यावर तरी शेजारी येतात. मूळ पाने अद्याप आपापल्या कपाटांतच आहेत.