जन्मतः की जन्मताना?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील घरी बालकांच्या बाप्तिस्म्याच्या निमित्ताने आमचे जाणे होते. क्वचित एखाद्या तान्हुल्याचा एक हात अंगालगत लुळा पडलेला, कोपरात सरळ आणि तळवा मागे वळलेला दिसतो. "जन्मतःच तसा आहे, फादर," असे आई सांगते आणि विषय तेथेच संपतो. 'जन्मतः' आणि 'जन्मताना' या दोन शब्दांतील अंतर ओळखण्यास मात्र वैद्यकालाही बराच काळ लागला.

विल्यम स्मेली या स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञाने अठराव्या शतकात अशा बालकाची नोंद केली. १८७२ मध्ये फ्रान्सच्या द्युशेन यांनी या लुळेपणाचा संबंध प्रसूतीच्या वेळच्या ओढाताणीशी जोडला आणि १८७४ मध्ये जर्मनीच्या एर्ब यांनी मानेतील पाचव्या व सहाव्या मज्जातंतूंच्या संगमाकडे बोट दाखविले. आजही हा विकार एर्ब यांच्याच नावाने ओळखला जातो. डोके बाहेर आल्यावर बाळाचा खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो आणि मान एका बाजूस ताणली गेली की या तंतूंना इजा होते. बहुतेक बालके काही महिन्यांत बरी होतात. मात्र तीन महिन्यांनंतरही कोपर वाकत नसेल तर मज्जातंतूंच्या शल्यतज्ज्ञाला दाखविणे अगत्याचे. पुरेशी काळजी घेऊनही अशी इजा होऊ शकते, हे डॉक्टरांना न्याय देण्यासाठी सांगितलेच पाहिजे.

परंतु काळजी घेतलीच नसेल तर? त्याचे उत्तर आपल्या राज्यातील एका जुन्या प्रकरणात सापडते. १९६३ च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) सरकारी रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. तीन दिवसांनी तिच्यावर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी पोटात कापडाचा बोळा राहिला आणि ती दगावली. कनिष्ठ न्यायालयाने ३६ हजार रुपये भरपाई मंजूर केली; उच्च न्यायालयाने ती नाकारली. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य नव्हे, म्हणून आपल्या नोकरांच्या हयगयीस शासन जबाबदार, असा तो निर्णय. त्यासाठी कुटुंबाला जवळपास तेहतीस वर्षे लागली!

त्याआधी १३ नोव्हेंबर १९९५ रोजी त्याच न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. १९९८ साली त्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: बालकाबरोबर त्याचे आईवडीलही ग्राहक ठरतात. सर्वांना विनामूल्य सेवा देणारे रुग्णालय त्या कायद्याबाहेर राहते. तेथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. खाजगी रुग्णालयाविरुद्ध अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण दोन वर्षांच्या आत. उशिराचे सबळ कारण दाखविले तरच सवलत मिळते. मूल मोठे होईपर्यंत वाट पाहू, म्हणजे कळेल, असे म्हणणारे पालक येथेच फसतात.

यात सर्वांत निर्णायक ठरतात ते प्रसूतीचे कागद. खांदा किती वेळ अडकला, चिमटा लावला का, बाळाचे वजन किती, हे त्यांतच असते. २००२ च्या वैद्यकीय नियमांनुसार ते मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. अर्ज लेखी करावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तीन वर्षांनंतर ते जपून ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर राहत नाही.