चार ग्लुकोजची गोष्ट

परवा ऑफिसच्या हेल्थ चेकअपला गेलो होतो. रक्त देताना सगळे जण ऐटीत बाही वर करतात, पण ती छोटी प्लॅस्टिकची बाटली हातात आली की मोठमोठे मॅनेजरसुद्धा ती रुमालाखाली लपवून नेतात! मी पण त्यातलाच. पण गेले काही दिवस जे वाचतोय, त्यामुळे त्या बाटलीबद्दलचं माझं मत जरा बदललंय. म्हणून या वीकेंडला तिचीच गोष्ट.

१९३२ साली हॉलंडमधल्या पोम्पे नावाच्या तरुण पॅथॉलॉजिस्टने सात महिन्यांच्या एका मुलीबद्दल लिहिलं. ती न्यूमोनियाने गेली होती, पण शवविच्छेदनात तिचं हृदय भलतंच मोठं निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंच्या पेशींत जागोजागी पोकळ्या दिसत होत्या आणि त्यात भरलं होतं ग्लायकोजेन. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी फांद्याफांद्यांनी जोडून शरीराने केलेली साठवण. या आजाराला पुढे पोम्पेचंच नाव मिळालं. (हा माणूस नुसता डॉक्टर नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तो नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होता. त्याच्या प्रयोगशाळेत लपवलेला रेडिओ ट्रान्समीटर सापडला आणि १५ एप्रिल १९४५ ला जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. हॉलंड मुक्त झालं ५ मे ला. फक्त वीस दिवसांनी.)

आता कोडं असं, की ग्लायकोजेन मोडणारी तोपर्यंत माहीत असलेली सगळी एन्झाइम्स या मुलांमध्ये ठीकठाक होती. मग ते साठतंय का? उत्तर मिळायला १९६३ उजाडलं. बेल्जियममध्ये लूव्हाँ इथे हेर्स नावाच्या संशोधकाला सापडलं, की या मुलांमध्ये ॲसिड माल्टेज हे एन्झाइमच नाही. ते काम करतं पेशीतल्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या भंगारवाल्याकडे. हा लायसोसोम हेर्सचाच सहकारी द दूव्ह याने १९५५ मध्ये जगासमोर आणला होता. भंगारवाला माल आत घेतोय पण तोडत नाहीये, मग गोदाम फुगणार नाही तर काय! आईवडील दोघंही धडधाकट, पण दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असली की प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. तान्हेपणीच सुरू होणाऱ्या प्रकारात उपचार नसतील, तर बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत.

कारण कळलं, पण निदानासाठी स्नायूचा तुकडा काढा किंवा त्वचेच्या पेशी आठवडेच्या आठवडे वाढवा. तान्ह्या, धापा टाकणाऱ्या बाळाचा तुकडा!

इथे आपल्या बाटलीची एंट्री होते. १९७४ मध्ये हालग्रेन, लुंडब्लाड वगैरे स्वीडिश संशोधकांना पोम्पेच्या एका रुग्णाच्या लघवीत एक छोटी साखर नेहमीपेक्षा जास्त सापडली. चार ग्लुकोज एकमेकांना जोडलेले, बस्स. ही येते कुठून? पोळी खूप वेळ चावली की गोड लागते ना, ते लाळेतल्या अमायलेजचं काम. अमायलेज रक्तातही असतं. रक्तात सांडलेलं ग्लायकोजेन ते कापत सुटतं, पण फांदीचा सांधा त्याला तुटत नाही. शेवटी सांध्यासकट चार मण्यांचा तुकडा उरतो आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. मधुमेहाच्या पट्टीवर हा तुकडा दिसत नाही, ती फक्त सुटं ग्लुकोज ओळखते.

मग २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तो नीट मोजायच्या पद्धती तयार झाल्या, पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर. पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते, म्हणून आकडा क्रिएटिनिनने भागायचा. शिवाय मूल मोठं होतं तसा नॉर्मल आकडाही उतरतो, त्यामुळे तुलना वयाप्रमाणे.

पण खरी गंमत २००६ नंतरची. त्या वर्षी युरोप-अमेरिकेत पहिल्या औषधाला परवानगी मिळाली: नसलेलं एन्झाइम दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं, जन्मभर. आता प्रश्न बदलला. औषध लागू पडतंय का? काही बाळांचं शरीर त्या एन्झाइमलाच शत्रू समजून अँटिबॉडीज बनवतं आणि महागडं औषध वाया जातं. दर वेळी स्नायूचा तुकडा कोण काढणार? आम्ही चालू सर्व्हर उघडून बघत नाही, लॉग वाचतो, तसंच हे. आकडा उतरला आणि खालीच राहिला तर हायसं. परत चढायला लागला तर डॉक्टर सावध होतात.

अर्थात लॉगवर आंधळा विश्वास नको. हा आकडा गरोदरपणात, स्वादुपिंडाच्या सुजेत आणि ग्लायकोजेनच्याच दुसऱ्या काही आजारांतही वाढतो. उलट मोठेपणी सुरू होणाऱ्या पोम्पेत तो कधी नॉर्मलही येतो. म्हणून शिक्कामोर्तब रक्तातल्या एन्झाइमच्या आणि जीनच्या तपासणीनेच.

आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात पोम्पे आहे, मुंबईचं केईएम त्यातल्या केंद्रांपैकी एक.

पोम्पेला ते ग्लायकोजेन बघायला मूल जाईपर्यंत थांबावं लागलं होतं. आज कुठेतरी एखादी आई डायपरमधला कापूस पिळून चमचाभर नमुना गोळा करत असेल आणि रिपोर्टमधला आकडा उतरावा म्हणून देव पाण्यात घालून बसली असेल.

असो. पुढच्या वर्षी ती बाटली मी रुमालाखाली लपवणार नाही. निदान प्रयत्न करीन!