आगबोटीवरील सोवळें

साहेब लोक रात्रीच्या जेवणास बसण्यापूर्वीं कपडे बदलतात, ही गोष्ट आपल्याकडे फार दिवस विनोदाचा विषय होऊन राहिली आहे. भर समुद्रांत, चोहोंकडे पाण्याखेरीज दुसरें कांहीं दिसत नसतां, दिवसभर सैल कपड्यांत खुर्च्यांवर पडून राहिलेले गृहस्थ संध्याकाळची घंटा होतांच आपापल्या खोलींत जातात. काळा कोट, कडक खळीचा पांढरा सदरा आणि गळ्याशीं फुलपाखराच्या आकाराची गांठ अशा थाटानें बाहेर येतात. आणि मगच सुपाचा पहिला चमचा तोंडाशीं नेतात. हें वर्णन ऐकून हंसणारांचें मत असें कीं, हा निव्वळ डौल आहे. उलटपक्षीं, विलायतेहून परत आलेल्या मागच्या पिढींतील कित्येक विद्वानांस तोच सुधारणेचा कळस वाटत असे. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं एक साधी गोष्ट नजरेआड केली आहे. हा नियम वस्तुतः कपड्यांचा नसून पंक्तीचा आहे. आणि पंक्तीचे नियम समजून घेण्यासाठीं महाराष्ट्रीय मनुष्यास विलायत गांठण्याची मुळींच गरज नाहीं.

जुन्या ब्राह्मणी घरांतील रीत वाचकांनीं आठवून पाहावी. कचेरींतून परत आलेला गृहस्थ, मग तो मामलेदार असो कीं मुनसफ, अंगरखा व पागोटें खुंटीस अडकवून, स्नान करून, रेशमी मुकटा किंवा कद नेसून पानावर बसे. रेशीम जवळ नसेल तर धाबळी, तीही नसेल तर ओलें पंचें. परंतु बाहेरच्या कपड्यांनीं पानावर बसणें सर्वथा निषिद्ध. साहेब अंग झांकून पंक्तीस बसतो, आपले वडील उघड्या अंगानें बसत; एकाच्या नियमाच्या मुळाशीं समाजाची भीति, दुसऱ्याच्या मुळाशीं विटाळाची. परंतु एवढा भेद सोडला, तर तत्त्व एकच. कामाचें वस्त्र वेगळें, जेवणाचें वेगळें. आणि ज्याच्यापाशीं जेवणाचें वस्त्र नाहीं त्याला त्या पंक्तींत जागा नाहीं. या दृष्टीनें पाहतां काळा कोट हें आगबोटीवरील सोवळेंच होय.

दरबाराचा दाखला घेतला तर हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. साताऱ्याहून छत्रपतींकडून पेशव्यांस अधिकार मिळे, त्याला आपल्या भाषेंत 'पेशवाईचीं वस्त्रें मिळाली' असेंच म्हणत. अधिकार आणि वस्त्र यांस शब्दही निराळे राहिले नव्हते. कोणास शिरपाव द्यावा, कोणीं कोठें बसावें, जोडे कोठें काढावे, याचे बारकावे ज्या समाजानें पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्यानें साहेबाच्या गळपट्टीस हंसावें हें थोडें विचित्रच.

इंग्रजांचा हा नियम फारसा पुरातनही नाहीं. संध्याकाळच्या वेळीं पुरुषांनीं काळें व पांढरें एवढेंच वापरावें हा प्रघात एकोणिसाव्या शतकांत रूढ झाला. त्यांतील पूर्ण पोशाख म्हणजे मागें दोन शेपट्या असलेला कोट आणि पांढरी गळपट्टी. आज ज्याला लोक अत्यंत औपचारिक समजतात तो आखूड काळा कोट मूळचा घरगुती होता. हेन्री पूल या लंडनच्या शिंप्यानें १८६५ सालीं युवराजांसाठीं, म्हणजे पुढें सातवे एडवर्ड झाले त्यांच्यासाठीं, घरच्या जेवणास घालावयाचा एक आखूड कोट शिवला. तो या वस्त्राचा पूर्वज मानण्यांत येतो. १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळील टक्सीडो पार्क येथील श्रीमंत मंडळींत तो दिसूं लागला व त्यास अमेरिकेंत तेंच नांव पडलें. एका पिढीचा ढिलेपणा दुसऱ्या पिढीची शिस्त कसा होतो, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

आमच्या पुणें जिल्ह्याचा या इतिहासाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो छावणीच्या वाटेनें येतो. घोडनदीच्या कांठचें शिरूर हें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजी फौजेचें मोठें ठाणें होतें. येथील कर्नल वॉलेस १८०९ सालीं मरण पावला, आणि आसपासचे गांवकरी त्याच्या थडग्यास 'सत्पुरुषा'चें स्थान समजून भजूं लागले, अशी नोंद सरकारी गॅझेटियरांत आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली ती शिरुराहूनच. दुसऱ्या दिवशीं भीमेकांठीं कोरेगांवास पेशव्यांच्या सैन्याशीं तिची गांठ पडली. १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर उभारलेल्या व पुढें 'पूना हॉर्स' या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या रिसाल्याचें ठाणेंही शिरूरच.

छावणीचें हृदय म्हणजे अधिकाऱ्यांची मेस. परक्या मुलखांत, मूठभर माणसांनीं, आपण कोण आहों हें विसरूं नये म्हणून रोज संध्याकाळीं ठराविक पोशाख करून एकत्र जेवावें, हा मेसचा धर्म. दख्खनच्या उन्हाळ्यांत मात्र लोकरी कोटाखालीं आणखी जाकीट चढविणें म्हणजे शिक्षाच. साहेबाच्या घोडदळांतील एतद्देशीय स्वार कंबरेस रुंद पट्टा गुंडाळीत. त्यास फारसींतून आलेलें नांव कमरबंद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानांतील छावण्यांमधून इंग्रज अधिकाऱ्यांनीं तोच पट्टा जाकिटाच्या जागीं बांधण्यास आरंभ केला. पुढें तो विलायतेस गेला, नागरी पोशाखांत शिरला, आणि आज जगांतील कोणत्याही सहलीच्या बोटीवर औपचारिक रात्रीं जो 'कमरबंड' दिसतो तो तोच. ज्या स्वाराच्या कंबरेवरून हें वस्त्र उचललें त्याला मात्र मेसच्या मेजावर जागा नव्हती. वस्त्र पंक्तींत गेलें, वस्त्राचा धनी दाराशीं राहिला. या विषयाचें सार आम्हांस या एका गोष्टींत दिसतें.

शिरुराच्या दक्षिणेस भीमेच्या कांठीं दौंड. पुण्याहून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग १५ डिसेंबर १८५८ रोजीं सुरू झाला तो दौंडावरून. १८७१ सालीं रायचुरास मद्रासकडील मार्ग येऊन मिळाला, आणि १८७८ सालीं दौंडाहून मनमाडकडे फांटा निघाला. तेव्हांपासून मद्रासेकडून मुंबईच्या बंदरास जाणारा प्रवासी, मग तो रजेवर निघालेला कलेक्टर असो कीं बॅरिस्टर होण्यास निघालेला विद्यार्थी, दौंडच्या फलाटावरून जाऊं लागला. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला होता. विलायत आतां महिन्याच्या आंत आली होती.

बंदरावर पोंचतांच नियमांस आरंभ होई. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर पेट्यांस चिठ्ठ्या लावीत: कांहीं 'प्रवासांत हवी', कांहीं 'प्रवासांत नको'. संध्याकाळचा पोशाख पहिल्या जातीच्या पेटींत असला पाहिजे, हें नवख्यास कोणी सांगत नसे. पहिल्या व शेवटच्या रात्रीं पोशाख न करण्याची मुभा असे, कारण त्या दिवशीं पेट्या बांधलेल्या असत. तांबड्या समुद्रांत उष्मा असह्य झाला म्हणजे कोट सोडून नुसता सदरा व कमरबंद चाले. हा सर्व कडकपणा पहिल्या वर्गाचा. दुसऱ्या वर्गांत तो बराच सैल, आणि खालीं खलाशांच्या वस्तींत, जेथें आपले कोंकणी मुसलमान बांधव व इतर लष्कर लोक राबत, तेथें हा प्रश्नच नव्हता. एकाच बोटीवर एकाच वेळीं तीन पंक्ती बसत, आणि त्यांच्यामधील भिंत लोखंडाइतकीच कापडाचीही होती.

या पंक्तीपुढें आपलीं माणसें कशीं वागलीं? सर्वांत जुना दाखला राघोबादादांच्या वकिलाचा. हनुमंतराव नांवाचा ब्राह्मण व त्याचे पारशी सोबती १७८१ सालीं लंडनमध्यें होते. एडमंड बर्क यानें त्यांस आपल्या बीकन्सफील्ड येथील घरीं नेलें आणि आपल्या रीतीप्रमाणें स्वयंपाक करतां यावा म्हणून बागेंतील कांचेचें घर मोकळें करून दिलें. यजमानानें पाहुण्याला आपल्या पंक्तीस ओढलें नाहीं. पाहुण्यासाठीं निराळी पंक्ति मांडली. पुढील शतकांतील इंग्रजांस हें औदार्य क्वचितच साधलें.

शंभर वर्षांनीं, १८८३ च्या एकाच एप्रिल महिन्यांत, दोन महाराष्ट्रीय स्त्रिया समुद्रपार निघाल्या. आनंदीबाई जोशी यांनीं ७ एप्रिल रोजीं कलकत्ता सोडलें. त्यापूर्वीं श्रीरामपूर येथील जाहीर भाषणांत, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, पोशाख व आहार बदलणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें होतें. त्यांचें वय तेव्हां अठरा वर्षांचें. आगबोटीवर अन्नाचे हाल सोसून त्यांनीं तें वचन पाळलें. त्याच महिन्यांत पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडास गेल्या. त्यांनीं पुढें धर्म बदलला, तरी साडी सोडली नाहीं. १८८६ सालीं आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथील स्थितीवर १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठी ग्रंथांत त्यांनीं तेथील लोकांची मनमोकळी स्तुति केली. परंतु कंबर आवळणारे पोशाख व पांखरें मारून त्यांच्या पिसांनीं सजविलेल्या टोप्या यांवर टीका करण्यासही त्या चुकल्या नाहींत. याच रमाबाई पुढें दौंड तालुक्यांतील केडगांवीं येऊन राहिल्या, आणि १९२२ सालीं तेथेंच निवर्तल्या. ज्यांना वाटतें कीं जग पाहिल्यावर आपला वेष टाकावाच लागतो, त्यांनीं केडगांवच्या या बाईंचें चरित्र वाचावें.

पुरुषांची गोष्ट निराळी. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजीं 'क्लाइड' बोटीनें मुंबईहून निघाले. कांटे-चमचे कसे धरावे व कोणत्या पदार्थांत मांस आहे हें विचारण्याचा संकोच, म्हणून ते मेजावर न जातां खोलींतच बरोबर आणलेलीं फळें व मिठाई खात. बोटीवर काळा पोशाख वापरून पांढरा फ्लॅनेलचा त्यांनीं उतरण्याच्या दिवसासाठीं राखून ठेवला. सप्टेंबर अखेरीस विलायतेच्या धक्क्यावर पाय ठेवला तेव्हां पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. मग लंडनच्या बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा पोशाख शिवून झाला. हें सर्व त्यांनीं स्वतःच आत्मकथेंत लिहून ठेवलें आहे. स्त्रियांवर हा ताण कमी पडला याचें कारण उघड आहे. नोकरी, सनद, कौन्सिल यांच्या पंक्ती पुरुषांच्या होत्या; म्हणून धोतरावर आणि पगडीवर घाला आला, साडी वांचली.

परंतु त्याच १८८८ सालीं, गांधी निघण्याच्या सहा महिने आधीं, पुण्यांत एक प्रसंग घडला, आणि या सर्व विचाराचें तोंडच त्यानें फिरविलें. ड्यूक ऑफ कॅनॉट हे राणीचे चिरंजीव तेव्हां मुंबईच्या सैन्याचे सेनापति होते. २ मार्च रोजीं हरि रावजी चिपळूणकर यांनीं त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जरीचे अंगरखे आणि हिऱ्यांच्या अंगठ्या यांच्या त्या गर्दींत जोतीराव फुले आले ते कुणब्याच्या वेषांत: डोक्यास फाटकें पागोटें, अंगावर साधें उपरणें, पायांत झिजलेल्या वहाणा. उठून त्यांनीं पाहुण्यांस सांगितलें कीं, येथें जमलेली भपकेदार मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. राणीची खरी प्रजा खेड्यांत आहे, आणि तिला शिक्षण पाहिजे आहे.

जोतीरावांस मेजवानीचा पोशाख ठाऊक नव्हता असें नव्हे. ते मोठमोठीं कामें घेणारे कंत्राटदार होते, पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद राहिले होते; पोशाख करणें त्यांना सहज शक्य होतें. त्यांनीं नियम मोडला तो समजून मोडला. शिरूर व दौंडकडील कोरड्या माळावर बाजरी पिकविणारा कुणबी मेजवानीस येऊं शकत नव्हता, म्हणून त्याचें वस्त्र त्यांनीं तेथें नेलें. कमरबंदाच्या गोष्टीची ही उलट बाजू होय. तेथें वस्त्र पंक्तींत गेलें आणि धनी दाराशीं राहिला. येथें वस्त्रानें आंत जाऊन धन्यास आंत कां घेतलें नाहीं, असा प्रश्न विचारला. आणि तो प्रश्न साहेबाच्या मेजाइतकाच आमच्या मुकट्याच्या पंक्तीलाही लागू आहे, हें आम्ही विसरूं नये. आमच्या सोवळ्यानें जितक्या माणसांस पानावरून दूर ठेवलें, तितकीं काळ्या कोटानें क्वचितच ठेवलीं असतील.

आज त्या आगबोटी राहिल्या नाहींत. विमानें आलीं व टपालाच्या बोटी इतिहासजमा झाल्या. परंतु सहलीच्या बोटी जगभर फिरतात, आणि क्यूनार्डसारख्या जुन्या कंपनीच्या बोटींवर समारंभाच्या रात्रीं अजून संध्याकाळच्या पोशाखाची अपेक्षा असते. ज्यांस तो नको त्यांच्यासाठीं उपाहाराची निराळी जागा असते. विशेष हें कीं, काळ्या कोटाच्या बरोबरीनें 'आपापला राष्ट्रीय पोशाख' आतां मान्य आहे. ज्या धोतर-पगडीनें आमच्या आजोबांस संकोच वाटला ती आज नियमांत बसते. परंतु ती घालून मेजावर येणारा महाराष्ट्रीय पुरुष मिळणें कठीण. बंदगळ्याचा कोट घालून तो येतो, आणि शेजारीं पैठणी नेसलेली त्याची पत्नी मात्र कोणत्याही विचारणेवांचून आंत जाते.

तेव्हां अशा बोटीवर जाणाऱ्या वाचकास आमचें सांगणें एवढेंच. यजमानाच्या पंक्तीचा नियम आहे तर तो हंसत पाळावा. त्यांत गुलामगिरी नाहीं, आणि मोठी सुधारणाही नाहीं. आपल्या आजोबांचा मुकटा आठवला म्हणजे गळपट्टीची गांठ सोपी जाते. परंतु पान वाढलें जात असतांना एकदां दाराकडे पाहावें. तें पान आणणारा, तो कोट धुणारा, तो पट्टा पहिल्यानें बांधणारा कोठें उभा आहे, हें पाहिल्याशिवाय कोणत्याही पोशाखाचा इतिहास पुरा समजला असें म्हणतां येणार नाहीं.