मनाचें दुखणें आणि ख्रिस्तमंडळ

ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कधीं आली, हें लिहिणें योग्यच आहे. आमची लेखणी मात्र देवळाला लागून असलेल्या एका खोलीकडे वळते. ती आमच्या गांवांतील नव्हे. बेल्जियम देशांतील गेल नगरीच्या संत डिंफ्ना हिच्या देवळाची आहे.

डिंफ्ना ही आयर्लंडची राजकन्या. राणीच्या मृत्यूनें बुद्धिभ्रष्ट झालेल्या पित्यापासून ती पळाली, व त्यानें गेल येथें गांठून तिचा शिरच्छेद केला, असें सांगतात. हें चरित्र घटनेनंतर सहा शतकांनीं, तेराव्या शतकांत, लिहिलें गेलें. तेव्हां त्यास आख्यायिकाच म्हणावें. परंतु तिच्या समाधीकडे लोटलेले यात्रेकरू ही आख्यायिका नव्हे. आप्तजन मनोरुग्णास घेऊन येत आणि त्या खोलींत नऊ दिवस ठेवून नोव्हेना करीत. खोली अपुरी पडूं लागली, तेव्हां गांवकऱ्यांनीं रुग्णांना आपल्या घरीं उतरविलें. आणि नऊ दिवस संपले तरी कित्येक तेथेंच राहिले. घरच्यांच्या पंक्तीस जेवावें, शेतांत हात लावावा, मुलें सांभाळावीं, असा त्यांचा दिनक्रम. त्यांना ‘वेडा’ न म्हणतां ‘बोर्डर’ म्हणत. 1850 नंतर सरकारनें देखरेख हातीं घेतली, 1862 सालीं रुग्णालयही निघालें. तरी वसति घराघरांतच राहिली. 1938 च्या सुमारास असे बोर्डर साडेतीन हजारांवर होते. आज संख्या थोडी आहे, पण रीत चालू आहे. घरवाल्यांस त्याबद्दल पैसे मिळतात, असें कोणी नाक मुरडून म्हणेल. मिळतात, आणि मिळावेतच.

आमच्याकडे ठाण्याचें मनोरुग्णालय 1901 सालीं निघालें. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती खेड्यांपासून ठाणें कांहीं दूर नाहीं. परंतु ‘ठाण्यास नेणें’ हे शब्द आम्ही कुजबुजूनच उच्चारीत आलों. आमचा समाज लहान. प्रत्येकजण प्रत्येकास ओळखतो. दुःखांत हीच ओळख आधार होते, आणि अशा दुखण्यांत तीच भिंत होते. मुलीची सोयरीक मोडेल या धास्तीनें आधीं दृष्ट काढणें, मग नवस, आणि डॉक्टर सर्वांत शेवटीं!

धर्मनियमाचा वचकही होता. 1917 च्या धर्मसंहितेनें जाणूनबुजून आत्महत्या करणारास ख्रिस्ती दफनविधि नाकारला होता. 1983 च्या संहितेंत तो निर्बंध नाहीं. तीव्र मनोविकारानें मनुष्याची जबाबदारी उणावते, आणि अशांच्या तारणाविषयीं निराश होऊं नये, असें 1992 चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. ज्या आईनें मुलाचें मरण ‘अपघात’ म्हणून जन्मभर लपविलें, तिला हें कोणीं सांगितलें आहे काय?

देशाचा कायदाही बदलला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य अधिनियमानें उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्यास शिक्षा न करतां शुश्रूषा द्यावी, असें त्यांत आहे. 2022 च्या आक्टोबरांत सरकारनें ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनीसेवा सुरू केली. तिचा क्रमांक 14416. हा क्रमांक देवळाच्या दाराशीं, मिस्सांच्या वेळापत्रकाशेजारीं, ठळक अक्षरांत लावावा, अशी आमच्या धर्मगुरूंस नम्र विनंति आहे.